जुनं गाव नव्या खेळात

रविवारी सकाळी मी ओले काजू सोलत बसले होते. हाताला खोबरेल चोपडलं होतं, तरी काजूचा कातडी भाजणारा डिंक बोटांना लागायचा तो लागतच होता. अशा वेळी फोन वाजला की माझं डोकं फिरतं. पुण्याला शिकणाऱ्या लेकीचा निरोप होता. हात भरलेले, म्हणून नवऱ्याला म्हटलं, तुम्हीच वाचा. लेकीने लिहिलं होतं की बाबांच्या त्या गावाच्या खेळाचा नवीन भाग जाहीर झालाय, ट्रेलर पाठवलाय, दोघांनी बघा.

हा खेळ लेकीच्या दहावीनंतर आमच्या घरात आला. टीव्हीला जोडायचा एक काळा डबा आणि हातात धरायचं बटणांचं यंत्र. लेक महिनाभर खेळली आणि विसरली. नवरा मात्र त्यात जो शिरला तो शिरलाच. खेळात एक मोकळा डोंगर मिळतो. त्यावर घरं बांधायची, शेत करायचं, गुरं पाळायची. जिंकणं नाही, हरणं नाही, मग खेळायचं कशासाठी, हे मला आजही नीट कळलेलं नाही. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पाळी करून आलेला पन्नाशीचा माणूस आंघोळ करून टीव्हीसमोर बसायचा आणि खोट्या म्हशींना खोटा चारा घालायचा. मी शिकवते त्या शाळेतल्या बायकांना हे रंगवून सांगायचे. हसून हसून पुरेवाट व्हायची.

तर आम्ही ट्रेलर बघायला बसलो. त्याने फोन धरला होता, मी हात वर करून त्याच्या खांद्याशी वाकले होते. तीन मिनिटांचा असेल. आधी धुकं, मग धुक्यातून वळणावळणाने वर जाणारा रस्ता. तो लगेच म्हणाला, हे तर आंबेनळी. मी म्हटलं, जगातला प्रत्येक घाट तुम्हाला आंबेनळीच वाटतो. मग पायऱ्यापायऱ्यांची भातशेती आली. आधीच्या भागात भात नव्हताच, गहू आणि कुठलीशी विलायती फळं होती, त्यामुळे तो खूश झाला. पाऊसही नवा होता. मला तो पाऊस फार सोवळा वाटला, कुणाच्या अंगावर चिखलाचा शिंतोडा नाही. म्हैस तर तालुक्याला तपासणीला आलेल्या साहेबासारखी चालत होती. हे मी बोलून दाखवलं. त्याने ट्रेलर मागे नेला, म्हशीची चाल पुन्हा बघितली आणि म्हणाला, पायात जड हाय, गाभण असंल. एवढं बारीक बघतो हा माणूस, आणि फ्रिजमधलं दही त्याला कधी दिसत नाही.

शेवटी पडदा काळा झाला आणि पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीत एक ओळ आली. त्याने मला अर्थ विचारला. मी सांगितला: ज्यांनी आधीच्या भागातलं आपलं गाव जपून ठेवलंय, त्यांना ते जसंच्या तसं नव्या भागात आणता येईल.

त्याने फोन पालथा ठेवला. "बरा केलाय," म्हणाला, आणि उठून बाहेर गेला. थोड्या वेळाने नळाचा आवाज आला. तो स्कूटर धूत होता. स्कूटर त्याने शनिवारीच धुतली होती.

काजू सोलता सोलता माझे हात थांबले. त्याचं गाव कसलं होतं ते मला माहीत होतं, आणि ते कुठे गेलं तेही.

नवऱ्याची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या माथ्यावर. अकरा घरं, त्याच्या दुप्पट गुरं. एका पावसाळ्यात डोंगराला भेग पडली. माणसाला इजा झाली नाही, पण पुन्हा तिथे राहायचं नाही असं ठरलं आणि अकराही घरं खाली रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये आली. गुरं विकली. सासूबाईंना आम्ही महाडला आमच्याकडे आणलं. त्यांना इथे करमायचं नाही. बाजारपेठेतलं तळमजल्याचं घर, दारासमोर गटार, डोंगर बघायचा तर गच्चीवर जायला हवं.

एक दिवस सासूबाई लेकाच्या मागे येऊन बसल्या आणि टीव्हीवरचा डोंगर बघून म्हणाल्या, "आरं, हितं कुनी ऱ्हात न्हाय काय?" तिथून सुरुवात झाली. पुढचं दीड वर्ष मायलेकांनी मिळून त्या खेळात आपली वाडी उभी केली. सासूबाई जमिनीवर पाय पसरून बसायच्या आणि हुकूम सोडायच्या. गोठा घराच्या वरच्या अंगाला बांधला तर रागवायच्या, पावसाचं पाणी सगळं शेण घेऊन चुलीपर्यंत येईल म्हणून. तो मुकाट्याने गोठा उचलून खाली ठेवायचा. खेळातल्या घरांना विलायती धुरांडी होती. ती सासूबाईंनी चालवून घेतली, पण पाण्याचं टाकं, देवाची घुमटी आणि खळं जागच्या जागी लागायचं, त्यात माफी नव्हती. मी पलीकडे बसून मुलांच्या वह्या तपासायचे आणि मध्येच टोमणे मारायचे. अकरा घरं पुरी झाली त्या दिवशी सासूबाईंनी मला शिरा करायला लावला. वास्तुशांत म्हणे. मी केला, पण कुरकुर करत केला. त्याच वर्षी थंडीत त्या गेल्या.

आणि पुढच्या पावसाळ्यात पूर आला.

महाडच्या माणसाला पुराचं नवल नाही. वर डोंगरात पाऊस, खाली खाडीला भरती, म्हणजे सावित्री नदीचं पाणी बाजारात येणार. भोंगा वाजला की प्रत्येक घरात सामान वर न्यायची रांग ठरलेली असते: तांदूळ, कागदपत्रं, गॅसची टाकी, गाद्या. जे न्यायला जमत नाही ते रेघेच्या वर ठेवायचं. मागच्या मोठ्या पुराची रेघ आमच्या भिंतीवर घरमालकांनी तेलरंगाने ओढून ठेवली होती. त्या रेघेवर आमचा देवाइतका विश्वास. नवऱ्याने तो काळा डबा प्लास्टिकमध्ये गुंडाळला, जिन्याकडे निघाला, आणि मी ओरडले, "ते खेळणं राहू दे तिकडे! आधी बाबांची मशीन!"

माझे वडील शिंपी होते. आयुष्यभर बाजारात दुकान चालवलं. ते गेल्यावर दुकान गेलं, मशीन तेवढी माझ्याकडे आली. लोखंडी पायाची, दोघांना मिळूनसुद्धा जड. त्याने डबा रेघेच्या वर वीतभर उंच फळीवर ठेवला आणि मशीनला हात घातला. आम्ही ती धापा टाकत वरच्या मजल्यावर नेली. खाली यायला वळलो तर पाणी जिन्याच्या चौथ्या पायरीवर होतं. मालकांनी दोघांनाही खाली जाऊ दिलं नाही. त्या वेळी पाणी रेघ ओलांडून हातभर वर गेलं.

चिखल उपसताना मी त्याला डब्याचं विचारलं होतं. तो म्हणाला की पुराच्या आधीच बिघडला होता, बरं झालं गेला. मला ते पटलं, कारण पटवून घेणं सोयीचं होतं. सगळ्या मोहल्ल्याचं खराब सामान रस्त्यावर ढीग करून टाकलं होतं. बाकीच्या वस्तू त्याने त्या ढिगावर फेकल्या. डबा फेकला नाही, हळूच ढिगावर ठेवला. हे मी डोळ्यांनी बघितलं होतं आणि तरी काही विचारलं नाही.

मी तशाच तेलकट हातांनी बाहेर गेले. तो आरसा पुसत होता.

"पुराच्या आधी तो डबा चालू होता ना?" मी विचारलं.

"होता की," तो म्हणाला. "आदल्या दिवशी खेळलो होतो."

"मग खोटं का सांगितलंत?"

त्याने फडकं पिळलं. "तू मशीन पुशीत बसली होतीस. रडत होतीस. तेव्हा काय बोलणार गो?"

मला स्वतःचा राग आला. इतका की नेहमीप्रमाणे तो त्याच्यावरच निघणार होता. अहो, एक शब्द बोलायचात, असं म्हणणार होते. पण बोलून काय झालं असतं? मशीन तर मलाच हवी होती. त्याच्या आईने सांगून बांधून घेतलेली वाडी फळीवर ठेवायला मीच लावली होती. डोंगरावरची मोडली ती निसर्गाने. ही दुसरी माझ्यामुळे गेली. मी तिथेच पायरीवर बसले. त्याला वाटलं डिंकाने हात भाजले. तो साबण आणायला आत गेला.

हात धुऊन मी कपाटावरचं कार्डशीट काढलं. एका बाजूला चौथीच्या मुलांसाठी काढलेलं जलचक्र होतं, दुसरी बाजू कोरी. ते जमिनीवर पसरलं, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि पेन्सिलने डोंगराची कड ओढली. तो म्हणाला, हे काय काढतेस. मी म्हटलं, नवा डबा आणि नवा भाग येईपर्यंत नकाशा तयार पाहिजे, नाहीतर मोकळ्या डोंगरावर बसाल डोकं खाजवत.

"मला आता समदं आठवत नाय," तो म्हणाला. "आई सांगायची आणि मी लावायचो."

"मला आठवतंय," मी म्हटलं.

आणि खरंच आठवत होतं. याचं मलाच आश्चर्य वाटलं. दीड वर्ष मी वह्यांत डोकं घालून बसले होते असं समजत होते, आणि सासूबाईंचा एकेक हुकूम माझ्या कानात बसला होता. घुमटी कड्याशी, तोंड उगवतीला. टाकं तिसऱ्या आणि चौथ्या घराच्या मध्ये, कारण त्या दोन घरांची भांडणं पाण्यावरूनच होत. खळं सगळ्यांच्या खाली. त्याने टाकं डावीकडे दाखवलं तेव्हा मी खोडून उजवीकडे काढलं. त्याने बोटाने घरं मोजली आणि म्हणाला, हां, उजवीकडेच. सहावं घर त्याला आठवलं, सातवं मला. दुपारच्या जेवणापर्यंत अकरा घरं झाली. काजूची उसळ राहूनच गेली, आम्ही पिठलं-भात खाल्ला.

जेवून परत बसलो तेव्हा मी नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात, वाट संपते तिथे, आणखी एक चौकोन काढला. टीव्हीवर तिथे एक बारावं घर असायचं. मी त्याला चुकून पडलेलं घर म्हणायचे. सासूबाईंनीसुद्धा हटकलं होतं की वाडीत घरं अकरा, हे कुणाचं? त्याने उत्तर दिलं नव्हतं आणि तेवढं एकच घर त्यांच्या सांगण्यावरूनही हलवलं नव्हतं. आता मी विचारलं, हे चुकून पडलेलं पण ठेवायचं ना?

"चुकून नव्हतं ते," तो म्हणाला. मान खालीच होती. "तुझ्या बाबांचं दुकान होतं. आत मशीन ठेवली होती. खेळात मिळते तशी, बारकी."

मशीन वर नेताना मी त्याच्यावर ओरडत होते तेव्हा त्याने हे सांगितलं नाही. नंतरही नाही. मी डोळे पदराला पुसले आणि पेन्सिल पुन्हा हातात घेतली.

"दार कुठल्या बाजूला होतं?"

"वाटेकडं," तो म्हणाला. "गिऱ्हाईक नको यायला?"

मी वाटेकडे दार काढलं.