दोरकाकांनी निवडलेली जाळी

दोर पारखताना दोरकाका डोळे मिटून घ्यायचे. भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा ते तिथे रिगर होते. अवजड लोखंडी तुळया दोरांनी उचलून जागेवर बसवायचं त्यांचं काम. "डोयाले चमक दिसते, गाठ बोटालेच समजते," असं ते म्हणायचे. माणूस भंडाऱ्याकडचा, क्रिकेटची बॅट त्यांनी जन्मात धरली नव्हती.

आमचा कामगारांचा संघ सेक्टर १० मधल्या क्वार्टरांमागे सराव करायचा. मी सलामीचा फलंदाज. एका रविवारी माझा फटका अंगणात पापड घालणाऱ्या बाईंच्या कपाळावर बसला. चार टाके पडले. त्या दोरकाकांच्याच पत्नी. टाउनशिपच्या साहेबांनी बजावलं, जाळी लावा, नाहीतर खेळ बंद. मी बॅट खाटेखाली सरकवली.

दुसऱ्या दिवशी काका दारात उभे. आता बोलणी बसणार, म्हणून मी मान खाली घातली. ते म्हणाले, "बॅट काऊन ठेवून देली? जाळी पाहाले जाऊ, चाल."

दुर्गच्या बाजारात आम्हा खेळाडूंना तारेची जाळी पसंत पडली. काकांनी मानेनंच नकार दिला. चेंडू तिच्यावरून उसळून फलंदाजालाच लागेल म्हणाले. एक पांढरीशुभ्र जाळी त्यांनी चिमटीत ओढली, तर गाठी सरकल्या. शेवटी कोपऱ्यातली मासेमारांची काळपट, जाड सुती जाळी त्यांनी उचलली. ती बांधताना आम्ही जोर लावून ताणू लागलो, तसे ओरडले, "तानू नोका. ढील देली का चेंडू थकते."

साहेब पाहणीला आले त्या सकाळी काकू पोळपाट घेऊन जाळीमागे जाऊन बसल्या. कपाळावरची खूण अजून ताजी होती. काका शेजारी उभे राहिले. पहिला चेंडू मी नुसता अडवला. काकू पापड लाटता लाटता म्हणाल्या, "मार नं बापू, आमी बसून राहिलो."

मी सगळ्या ताकदीनिशी मारला. चेंडू जाळीत खोल रुतला आणि अलगद खाली पडला. काकूंनी मान वर केली नाही. साहेबांनी तिथेच परवानगी दिली.

त्या हिवाळ्यात आम्ही अधिकाऱ्यांच्या संघाला पहिल्यांदा हरवलं. चषक संघानं आधी काकूंच्या हातात दिला. काका पाठ फिरवून डोळे पुसत होते.

पुढे दुसऱ्या कारखान्याच्या उभारणीसाठी त्यांना बोलावणं आलं. दुर्ग स्टेशनवर मी पाया पडलो, तेव्हा पाठीवर हात ठेवून एवढंच म्हणाले, "भेऊ नोको. मोकळा मार."

त्यानंतर मी बारा वर्षं खेळलो. कधी शून्यावरही बाद झालो, पण भीत भीत एकही फटका मारला नाही.