मेडलवरचं कुंकू

लंडनमध्ये क्रॉयडनला आमच्या भिंतीला भिंत लागून नव्वदीच्या एक बाई राहतात. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात इथेच पोलिसात होते. बॉम्बने पडलेल्या घरांखालून माणसं काढली म्हणून त्यांना शौर्याची दोन मेडल्स मिळाली. बाईंना मूलबाळ नाही, त्यामुळे मेडल्स म्युझियमला द्यायचं ठरलं होतं. मध्येच त्यांच्याकडे बॉयलरचं काम निघालं, बिल्डर्सची ये-जा सुरू झाली, तेव्हा त्यांनी मेडल्सची पेटी माझ्याकडे ठेवायला दिली.

नेमका त्यात दसरा आला आणि पुण्याहून आलेली माझी आई घरात होती. तिला इथे करण्यासारखं काही नसतं, म्हणून ती सगळंच करते. संध्याकाळी ऑफिसातून आले तर हॉलमध्ये पाटावर माझा लॅपटॉप, नवऱ्याचं ड्रिल, सुऱ्या, कारची किल्ली आणि मधोमध ती उघडी पेटी. सगळ्यांना हळदकुंकू वाहिलेलं. एका मेडलच्या रिबिनीवर कुंकवाचं ओलं बोट उठलेलं.

"आई, अगं हे आपलं नाहीये. म्युझियमला जायचंय ते."

"पोलिसाचं आहे ना? मग शस्त्रच की ते. आजच्या दिवशी कोपऱ्यात ठेवायचं का?"

"पुसायला गेलं तर पसरेल आता."

"मग नको पुसूस," असं म्हणून ती भाजी ढवळायला गेली.

माझं डोकं फिरलं. म्युझियमने डागाळलेलं मेडल घेतलं नाही, तर त्या बाईंपुढे कुठल्या तोंडाने उभं राहायचं? आई मात्र शांत. दुसऱ्या दिवशी, मी केलंय तर मीच येते, म्हणून साडी नेसून माझ्याबरोबर निघाली.

बाईंनी चष्मा लावून रिबीन बघितली. मी त्यांना समजावलं, की त्या दिवशी आम्ही हत्यारांना विश्रांती देतो, त्यांची पूजा करतो.

"दिवसभर उघड्यावर होती पेटी? सगळ्यांसमोर?"

"हो, हॉलमध्ये. सॉरी."

माझ्या सॉरीकडे त्यांचं लक्षच नव्हतं. "आमच्या घरात ही चादरींच्या खाली असायची," त्या म्हणाल्या. मग सावकाश सांगत गेल्या. दुसरं मेडल मिळालं त्या हल्ल्यात वडिलांनी एका घराखालून दोन मुलं जिवंत काढली. त्याच वेळी पलीकडच्या रस्त्यावर आजीचं घर पडलं. तिथे बाईंचा धाकटा भाऊ झोपला होता. वडिलांना कळलं तेव्हा उशीर झाला होता. बाईंची आई नवऱ्याला त्याबद्दल कधी एक शब्द बोलली नाही, पण ते मेडल तिने आयुष्यभर घरात दिसू दिलं नाही.

मी हे आईला थोडक्यात मराठीत सांगितलं.

"पूजा करताना तुझी आई काय म्हणाली?" बाईंनी विचारलं.

मी आईला विचारलं.

"नेहमीचंच गं," आई हळूच म्हणाली. "सगळ्यांच्या लेकराबाळांना सांभाळ. पण ते नको सांगूस त्यांना."

बाई माझ्याकडे बघत होत्या. काहीतरी दुसरंच सांगावं असं फार वाटलं, पण सुचलं नाही. जे होतं ते सांगून टाकलं.

बाईंनी मान हलवली.

"सांभाळली वडिलांनी," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांची."