न चाखणारा आचारी

शिरपूरपासून मंगरूळपीरपर्यंत कुठंही भंडारा असो, कढईपाशी उभा मीच. माझ्या वांग्याच्या भाजीचा वास सुटला की धनजची माणसं बोलावण्याची वाट न पाहता एसटीत बसतात, असं मी सांगतो. आजवर कोणी खोडून काढलेलं नाही.

तर अशा माणसाला कॅनडातल्या एका हॉटेलवाल्याचा फोन आला, साडूच्या ओळखीतून. तो नोकरीचं पत्र देणार, त्या पत्रावर व्हिसा. पत्र नाही तर काहीच नाही. मी पत्राआधीच गावभर सांगून मोकळा झालो, की तिथं थंडीनं फोडणीतली मोहरी उडता उडता हवेतच गोठते. दोन सत्कार झाले. नारळ इतके आले की घरात चालायची वाट बुजली.

एकच काम उरलं होतं. व्हिडिओ कॉलवर त्याच्यासमोर चार माणसांची भाजी करून दाखवायची. चार! माझ्या हाताला पाचशेच्या खालचा अंदाजच नाही. बायकोनं मोबाइल धरला, मी कसंबसं जमवलं. तर्री अशी आली की तिकडं त्याच्या कपाळावर घाम दिसला.

"अब चखो," तो म्हणाला.

चमचा उचलला आणि हात थांबला. भंडाऱ्याचा आचारी निवद दाखवल्याबिगर जिभेला काही लावत नाही. वीस वर्षं मी मीठ वासावरून ओळखत आलो.

"साहेब, चाखत नाय मी. वासानंच समजते."

"अरे भाई, चखो!"

"चाखा ना जी," बायको दात आवळून म्हणाली. "कोनता देव पाहून राह्यला इथं?"

हात हलेना. बाकी सगळं मी वाढवून सांगतो, हे नाही. मनगट कोणी धरून ठेवावं तसं झालं.

"जो अपना खाना खुद नहीं चखता, उसको लेटर कैसे दूँ?" म्हणाला आणि फोन ठेवला. मी तीनदा लावला. उचलला नाही.

बायकोनं वाटीभर भाजी देवापुढं ठेवली, हात जोडले, मग वाटी माझ्या हातात दिली. "घ्या. झाला निवद."

चाखली. मीठ अगदी बरोबर होतं.

तेवढ्यात शेजाऱ्यानं दारातून आवाज दिला, "काय भाऊ, कधी जाऊन राह्यले कॅनडाले?"

तोंडात घास होता. तो गिळायला मला लई वेळ लागला.