रुईवर उठलेली वीण

रुई मी बोटांनी ओळखतो. चिमूट ओढली की धागा किती लांब, किती पिकलेला, हे कळतं, आणि त्याच जोरावर मी आयुष्यभर भाव पाडत आलो. हमालीपासून सुरुवात करून लोहाऱ्याच्या एमआयडीसीत जखमेवर लावायच्या कापसाचा कारखाना उभा केला. त्यामुळे खरेदीदाराच्या प्रयोगशाळेनं एका ओळीत माझा माल नापास केला, तेव्हा डोकं फिरलं. अतिनील प्रकाशात कापूस निळा चमकतो, एवढंच कागदावर होतं. म्हणजे कपडे पांढरेशुभ्र करणाऱ्या साबणातलं रसायन त्याला लागलं आहे. जखमेवरच्या कापसाला ते चालत नाही.

आमच्याकडे कापूस धुण्याची टाकी एक बाई सांभाळायची. बोरी अरबकडच्या तांड्यावरची, कारखान्यात पहिल्या दिवसापासूनची. टाकीत साबण तिनंच टाकला असणार, असं मी ठरवून टाकलं आणि सगळ्या बायांसमोर तिला वाटेल ते बोललो. लवकर घरी पळायचं म्हणून साबण टाकून कामात चोरी करतेस, असंही म्हणालो. तिनं हात पुसले, डबा उचलला.

"म्या टाकीत काई नाही टाकलं, भाऊ," एवढं म्हणून ती गेली.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत भांडायला गेलो. तिथल्या मॅडम वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांना मी विचारलं, माझा माल पाडायचं तुमचं कोणाशी किती ठरलं? त्या चिडल्या नाहीत. खोलीतला दिवा घालवून त्यांनी माझा कापूस अतिनील प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि पडद्यावर दाखवला. प्रत्येक धागा पीळ पडलेल्या चपट्या फितीसारखा दिसत होता, मंद, तपकिरी-जांभळट. हा तुमचा कापूस, त्या म्हणाल्या, यात खोट नाही. मग त्यांनी कॅमेरा दूर घेतला. कापसाच्या वरच्या थरावर निळे चौकोन उठले होते, उभे-आडवे, ओळीनं. आतला थर कोरा होता.

ती वीण मी लगेच ओळखली. ओला कापूस झाकायच्या आमच्या चादरींची होती. तपासणीला साहेब येणार म्हणून त्या मला कळकट वाटल्या होत्या. बाजारातून कपडे धुण्याची महागाची पावडर आणून मीच त्या धुवायला लावल्या. तेव्हा त्याच बाईनं म्हटलं होतं, पावडर कायले भाऊ, साध्या पाण्यात उकळल्या का झाल्या साफ. तुला काय कळतं, असं म्हणून मी तिला गप्प केलं होतं.

हा फोटो कागदासोबत का नाही पाठवला, असं मी मॅडमना विचारलं. अहवालात पास-नापास एवढंच असतं, त्या म्हणाल्या. त्याचा राग माझा अजून गेलेला नाही. ते चौकोन मला एक दिवस आधी दिसले असते, तर ती बाई गेलीच नसती.

फोटोची प्रत घेऊन मी तांड्यावर गेलो. ती अंगणात तूर पाखडत होती. फोटो पुढे केला, तर तिनं हातात घेतला नाही, लांबूनच पाहिला. माझी सवय जाईना. रोजी वाढवतो म्हणालो. ती पाखडतच राहिली, तशी आणखी वाढवली. टाकीवरून काढून बसायचं काम देतो म्हणालो. तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं.

"भाव नका करू, भाऊ. मले चोर म्हटलं ते बायांसमोर. चूक कोनाची, ते बी बायांसमोरच सांगा."

"उद्या ये," मी म्हणालो.

सकाळी ती आली, पण फाटकाच्या आत आली नाही. बाया गोळा झाल्या. मी फोटो वर धरला आणि सुरुवात केली ती प्रयोगशाळेपासून. एका ओळीच्या कागदावर माणसाचा धंदा बुडवतात, फोटो दाबून ठेवतात, खरेदीदारालाही माल परत करायला निमित्तच हवं असतं. आवाज चढत गेला. थांबायचं मला कळत होतं, पण जमत नव्हतं.

"भाऊ," पुढं उभी असलेली एक बाई हळूच म्हणाली, "ते चालली न."

वळून पाहिलं. ती रस्ता ओलांडून पलीकडे पोचली होती. चादरी मी धुवायला लावल्या होत्या, तिची काही चूक नव्हती, हे मी तेव्हा कुठे म्हणालो. बायांनी ऐकलं. ती दारव्ह्याच्या एसटीत चढत होती.