दादांनी तासलेला बोरू

भानामती, अंगात येणं, उतारे... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. मी बी.एस्सी. झालेला माणूस, आमच्या घरातला पहिला पदवीधर. म्हणून हे लिहिताना संकोच वाटतो. पण जे घडलं ते माझ्या डोळ्यांसमोर, भरदुपारी, सरकारी कचेरीत.

आमचं गाव कंधार तालुक्यात. बहात्तरच्या दुष्काळात मी सहावीत होतो. शाळा सोडून आईवडिलांबरोबर पाझर तलावाच्या कामावर माती वाहायला लागलो. तिथं खोदताना दादांना – म्हणजे माझ्या वडिलांना – एक चाकू सापडला. बोटभर पातं, शिंगाची मूठ. मुकादम म्हणाला, "बकरं सोलायचा हाय. दे इकडं."

"न्हाई," दादा म्हणाले. "हे शाळंचं हाय."

दादांना अक्षरओळख नव्हती. मस्टरवर अंगठा उठवायचे. पण त्याच संध्याकाळी त्यांनी ठरवलं, पोरगं उद्यापासून शाळेत. घरात एक मजुरी कमी होणार होती. आई भडकली. "चाकू घावला म्हणून शाळा? उद्या घमेलं घावलं तर कलेक्टर करताव का त्याला?"

कलेक्टर नाही, पण कलेक्टर कचेरीत कारकून झालो. लातूर जिल्हा नुकताच झाला होता, जुन्या जिल्ह्याकडून कागदांचे गठ्ठे येत होते. त्यातले उर्दू कागद वाचायला एक म्हातारे मुन्शीजी यायचे. दादा माझी कचेरी बघायला आले त्या दिवशी मी त्याच चाकूनं पेन्सिल तासत होतो... शाळेपासूनची सवय. मुन्शीजींनी चाकू मागून घेतला, चष्म्याजवळ नेला, पात्यावर अंगठा फिरवला.

"लोहारानं जुन्या कानशीतून घडवलाय. हे बघा, पाठीवर कानशीचे दात राहिलेत. माझ्या अब्बांच्या जमान्यातला असेल. कलमतराश म्हणतात याला – बोरू तासायचा चाकू! आणि तुम्ही पेन्सिली तासता, साहेब?"

मी दादांकडं बघितलं. शाळंचं हाय... दादांना मातीत कसं कळलं होतं?

मुन्शीजींच्या पिशवीत कोरे बोरू होते. दादांनी त्यांच्या हातून चाकू घेतला, न विचारता एक बोरू उचलला. तिरपा काप घेतला, आतला गर खरवडला, मधोमध चीर दिली. मग टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून पातं दाबलं – टक्! टोक सरळ छाटलं गेलं.

मुन्शीजी उभेच राहिले. "नखावर? असा काप तर मुरलेले लेखनिकच घेतात. उस्ताद कोण तुमचे?"

"कुणी न्हाई जी. हात चालला."

मुन्शीजींनी दौत पुढं सरकवली. "लिहा."

दादांनी बोरू माझ्या हातात दिला. "लिव्हायचं ह्यानं. माझं तासायचं हुतं, झालं."

मी त्यांचं नाव लिहिलं. शाई वाळेपर्यंत दादा त्यावर फुंकर घालत राहिले.

पुढं कितीदा त्यांच्यापुढं बोरू ठेवला. हसायचे, "मला कुठं येतंय?" खरंच यायचं नाही. मीही करून पाहिलं, चीर वाकडीच जाते. त्या दुपारी तो हात कुणाचा चालला, मला आजही सांगता येत नाही. ज्याचा असेल, त्याचे आभार.

एकदा मात्र विचारलं, "दादा, ते शाळंचं हाय, हे कसं ओळखलं?"

"कशाचं ओळखतो? त्या दिवशी दगड घावला असता तरी शाळंचाच म्हनलो असतो."