ॲलर्जीची रिकामी यादी

पसारा मला बघवत नाही. रिकामी बरणी दिसली की मी ती टाकून देते आणि आईशी भांडण ओढवून घेते. कोडमध्येही तेच. उचगावातल्या एका दवाखान्याच्या पेशंटांच्या नोंदी मी संगणकावर आणून दिल्या होत्या. एका पेशंटची माहिती म्हणजे डब्यात डबा: आजार, त्यात औषधं, त्यात ॲलर्जी. निम्मे डबे रिकामेच. म्हणून मी एक फंक्शन लिहिलं. रोज रात्री दवाखाना बंद झाला की ते थेट सगळ्यात आतल्या डब्यापर्यंत उतरायचं, रिकामं दिसेल ते काढायचं, आणि त्या नादात बाहेरचा डबा रिकामा झाला तर तोही उचलायचं. पानभर नोंद चार ओळींवर आली. मी स्वतःवरच खूश होते.

चौथ्या दिवशी तिथल्या सिस्टरांचा फोन आला. "पोरी, उद्यापासनं मी येत न्हाय. डॉक्टरनी भरल्या दवाखान्यात झाडलं मला. ॲलर्जी इचारतच न्हाय म्हणं मी! मग अठरा वर्षं काय केलं?"

खरं सांगते, मला वाटलं, नसेल विचारलं. आपलंच चुकलं असेल असं पहिल्यांदा कुणाच्या मनात येतं? पण कुतूहल गप्प बसू देईना. "एक दिवस थांबा," अशी गळ घालून मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसले.

गगनबावड्याकडची एक म्हातारी आली होती.

"कुठल्या गोळीनं, इंजेक्शननं अंगावर पित्त उठतंय का?"

"न्हाय बाई."

सिस्टर तेवढ्यावर सोडेनात. मागं ताप आलता तवा काय दिलतं? दात काढला तवा? म्हातारीनं पिशवीतली गोळ्यांची पाकिटं मांडीवर ओतली, सुनेला फोन लावला. दहा मिनिटं गेली आणि निष्पन्न काय, तर काही नाही. सिस्टरांनी ॲलर्जीची यादी उघडली, तीत काहीच न लिहिता सेव्ह केली.

म्हणजे यादी रिकामी होती, पण विचारून रिकामी! ज्याला विचारलंच नाही, त्याची यादी मुळात तयारच होत नव्हती. माझं फंक्शन ही विचारून रिकामी ठेवलेली यादी काढून टाकत होतं, आणि पेशंट परत आला की डॉक्टरांना पडद्यावर दिसत होतं, 'विचारलेले नाही'. मी तिथंच फंक्शन बंद केलं, जुन्या प्रतीतून सगळ्या याद्या परत आणल्या आणि डॉक्टरांच्या खोलीत जाऊन सगळं कबूल केलं.

डॉक्टर मनानं चांगले. उठून बाहेर, पेशंट बसतात त्या बाकांपाशी आले. "सिस्टर, तुमची काही चूक नव्हती. उगाच बोललो मी."

मी घाईघाईनं पुस्ती जोडली, "सगळ्या नोंदी परत आणल्यात. एकही गेली नाही."

सिस्टरांनी बाकांवरच्या माणसांकडं एकवार बघितलं. त्यांना झाडलं त्या दिवशीचं त्यांत कुणीच नव्हतं.

"आणि मला झाडलं तवा हितं बसलेली माणसं? ती बी आणतीस व्हय परत?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सिस्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.