पाकिटातली भाजी आणि काकांची डबी

तयार भाजीचं पाकीट कापलं की त्या वासाबरोबर मला कराडचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. आई लग्नाला मेढ्याला गेली होती आणि फौजेतले काका नेमके त्याच दिवशी सुट्टीवर आले. घरचं जेवण मिळणार म्हणून ते हात धुऊन बसले. मला स्वयंपाक येत नव्हता. हे त्यांना कळू नये म्हणून मी सुपरमार्केटमधली पनीरची भाजी गरम करून वाढली. पहिल्याच घासाला ते हसले. “आगं, पोस्टवर आमी हेच तर खातो.” माझा चेहरा उतरला. मग त्यांनी बॅगेतून डबी काढली आणि भाजी पुन्हा कढईत ओतून तिच्यात कांदा-लसूण चटणी आणि पाणी घातलं. “वहिनीची चटणी घातली की तितंबी घर हुतंय,” ते म्हणाले. आम्ही नाक पुसत तो लालभडक रस्सा संपवला. आता पुण्याच्या होस्टेलवर माझ्याकडेही तशी डबी आहे. ती इतक्या लवकर कशी संपते, हे आईला कळत नाही. काका मात्र फोनवर हळूच विचारतात, “आज कुठलं पाकीट?”